कंसाबाहेरचे उणे चिन्ह

बीजगणित सुरू झाले की आमच्या वस्तीतील पोरे मागच्या बाकावर सरकू लागतात. ‘क्ष’ दिसला की डोके बंद. मग मास्तर म्हणतात, यांच्या डोक्यात गणितच नाही. या निदानावर आमचा मुळीच विश्वास नाही.

देवळी तालुका कापसाचा. वेचणीची मजुरी किलोवर. आईने ४० किलो वेचला, पोरीने १५ किलो, दर किलोला क्ष रुपये. ४०क्ष अधिक १५क्ष म्हणजे ५५क्ष. सजातीय पदांची बेरीज ती हीच! त्यातून १०० रुपये उचल वजा केली की ५५क्ष − १०० उरते. येथे पोरे घाईने −४५क्ष लिहून मोकळी होतात. पण १०० हे रुपये आणि ५५ हे किलो. दर कळेपर्यंत त्यांचा मेळ बसत नाही. क्ष म्हणजे कापूस नव्हे, क्ष म्हणजे दराचा आकडा, हे फळ्यावर स्वच्छ सांगितले पाहिजे. ‘क्ष म्हणजे आंबा’ असे शिकविणारे गुरुजी आपली सोय बघतात. पुढे क्ष गुणिले क्ष आले की आंब्याने आंब्याला कसे गुणायचे?

खरी मेख कंसात आहे. मजुरी झाली ५०० रुपये. उचल २०० होती, पैकी ५० आधीच फेडले. हातात किती यावे? ५०० − (२०० − ५०), म्हणजे ३५०. फेडलेले ५० मजुराच्या बाजूने जमा व्हायला हवेत, म्हणून कंस सुटताना आतले उणे अधिक होते. ते विसरले की ५०० − २०० − ५०, म्हणजे २५०. परीक्षेत हा एखादा गुण. मालकाच्या वहीत मात्र आईच्या घामाचे १०० रुपये!

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणात हिशेब मागितला, तो उगाच नव्हे. भास्कराचार्यांचे ‘बीजगणित’ बाराव्या शतकातले, पण संस्कृतात. आणि विसाव्या शतकातही बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. आज पुस्तक मराठीत आहे. मग अडते कोठे?

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवरही अकरावीला जाऊ देण्याची सूचना आली. मात्र गुणपत्रिकेवर शेरा, की पुढे हे विषय घेता येणार नाहीत. ही सवलत म्हणायची की दार लावून घेणे? शिकवणीला पैसे मोजणाऱ्यांच्या मुलांना हा शेरा मिळणार नाही, तो कोणाच्या वाट्याला येईल हे सांगायला नको.

दहावीला बीजगणिताचा ४० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. त्याची तयारी सातवीपासून. विहारात संध्याकाळी दिवा लागतोच, डी.एड., बी.एस्सी. झालेल्या आमच्या तरुणांनी आठवड्यातून दोन दिवस तेथे फळा मांडावा. पहिला महिना फक्त चिन्हे आणि कंस. खडू-फळ्याचा खर्च जयंतीच्या वर्गणीतून निघेल.