डावा हात वर

आमच्या भाचीच्या दातांविषयी या पानावर लिहावे की न लिहावे, या विचारात आम्ही दोन महिने घालविले. आता तिनेच परवानगी दिली आहे. अट एवढीच, की नाव छापावयाचे नाही.

आमचे मेहुणे नोकरीनिमित्त झाबुआ जिल्ह्यात राहिले आणि मुलीचे बालपण तेथील हातपंपाच्या पाण्यावर गेले. त्या भागातील कित्येक विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असते. ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे, दुसरे पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, ही मर्यादा ओलांडली गेली तर दातांच्या कवचावर खडूसारखे पांढरे आणि पुढे तपकिरी डाग उमटतात. मंजनाने ते जात नाहीत. लोक मात्र ‘मुलगी दात घासत नाही’ असे म्हणून मोकळे होतात. तोंडावर हात धरून हसण्याची सवय तिला लागली ती अशी. इंदूरला आमच्या घरी शिकावयास आली तेव्हा आम्ही तो विनय समजत होतो! मास्तरकीत केस पांढरे केलेल्या माणसाने असे समजावे, याची आम्हांस आजही लाज वाटते.

दातांचे सौंदर्य ही काही नवी हौस नव्हे. आमच्या पणजीच्या पिढीतील सुवासिनी दातवण लावून दात काळे करीत आणि पांढऱ्या दातांची त्यांना लाज वाटे. काळ फिरला, रंग फिरला, लाज तेवढी राहिली.

असो. गेल्या वर्षी तिला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने दातांचे पाहावयाचे ठरविले. पहिल्या दवाखान्यात पुढचे चार दात घासून त्यांवर चिनी मातीच्या पातळ चकत्या बसविण्याचे ठरले. का, ते कोणी सांगितले नाही. डॉक्टर तिच्या डोक्यावरून मदतनिसाशी बोलत होते. वरच्या ओठाखाली सुई गेली, औषध भरकन आत ढकलले गेले, मुलगी कळवळली, तेव्हा उत्तर मिळाले, “एवढेही सहन होत नाही?” ती उठली आणि तशीच बधिर ओठाने घरी आली. “मामा, डाग राहू देत,” एवढेच म्हणाली.

दुःख होण्याचे कारण नव्हते, हे आम्हांस नंतर कळले. दात उपटताना वेदना होऊ नये म्हणून होरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने १८४४ साली हास्यवायू स्वतःवरच आजमावला. आजचे लिडोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले. साधने आहेत, उणीव आहे ती सावकाशीची.

दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे आम्ही तिला जवळजवळ ओढूनच नेले. त्यांनी प्रथम तिला खुर्चीवर नव्हे, समोरच्या साध्या बाकावर बसविले आणि मागचा अनुभव विचारला. मग म्हणाल्या, “सुई फारशी दुखत नाही, औषधाची घाई दुखते. हिरडीला आधी बधिर करणारे मलम लावून दोन मिनिटे थांबावे आणि औषध मिनिटाला एक मिलिलिटरहून जलद सोडू नये. पण तुम्हांला सुई लागणारच नाही.” दात घासले की ते कवच पुन्हा उगवत नाही, म्हणून त्यांनी आधी सौम्य उपाय सुचविला: सौम्य आम्ल व बारीक भुकटीच्या लेपाने डागाचा अगदी वरचा थर काढावयाचा आणि काही दिवसांनी पेरॉक्साइडने रंग उजळावयाचा. सगळेच डाग जातील असे वचन त्यांनी दिले नाही. ते आम्हांस विशेष आवडले.

त्यानंतरची पद्धत पाहून आमच्यातील शिक्षक सुखावला. प्रत्येक गोष्ट आधी सांगावयाची, मग नखावर करून दाखवावयाची, मगच दातावर करावयाची. ओठांना व्हॅसलीन, डोळ्यांवर दिव्यासाठी काळा चष्मा, हिरड्यांवर संरक्षक लेप, जबडा अवघडू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने विश्रांती. आणि एक करार: तोंड उघडे असता बोलता येत नाही, म्हणून डावा हात वर झाला की हातातले काम तत्काळ थांबेल. पहिल्या दहा मिनिटांत तिने तो तीनदा वर केला. दोनदा काहीच दुखत नव्हते, हे तिने आम्हांस घरी सांगितले. खरेच थांबतात का, ते तिला पाहावयाचे होते. थांबल्या. नंतर हात वर झालाच नाही.

उजळल्यावर दीड दिवस थंड पाण्याने दातांतून कळा येत होत्या. त्या येणार हे बाईंनी आधीच सांगून पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिली होती, त्यामुळे घरात धावपळ झाली नाही. दोन दिवस चहा आणि हळद वर्ज्य. तेव्हा आमच्या बहिणीने दहीभाताचा असा मारा केला की आम्हांसही तोच खावा लागला.

डावीकडच्या एका दातावर फिकट डाग राहिला आहे. बाईंनी आणखी एक बैठक घेऊ म्हणून विचारले. भाचीने आरशात पाहिले, जरा विचार केला आणि “राहू दे” म्हणाली. हेच शब्द ती मागेही बोलली होती. या वेळी बोलताना तिचा हात मांडीवर होता.