जड कॅमेऱ्याची बाजू

आमच्या शाळेत कॅमेरा घ्यायचं ठरलं आहे. माजी विद्यार्थ्यांनी जमवून दिलेले १५ हजार रुपये आहेत, त्यात नवा चांगला कॅमेरा येत नाही. म्हणून दोन वापरलेले कॅमेरे समोर आहेत. एक जुना डीएसएलआर, निकॉन डी९०, सोबत ५० मिलिमीटरची लेन्स. दुसरा खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा, वयाने बराच लहान, चकचकीत, तीस पट झूमचा. स्टाफरूममध्ये जवळजवळ सगळे छोट्याच्या बाजूने आहेत. मी डी९०च्या बाजूने आहे. बैठकीत बोलायला पाच मिनिटं मिळतात आणि त्यातली तीन चहात जातात, म्हणून माझं म्हणणं इथे लिहून ठेवते.

आधी कॅमेरा कशाला हवा ते सांगायला हवं. मी उर्दू आणि मराठी शिकवते. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कारभाराची भाषा उर्दू. त्यामुळे आमच्या भागात जमिनीचे, वारसाचे, इनामाचे जुने कागद उर्दूत आहेत, आणि ते फक्त मुसलमानांच्या घरात नाहीत. पाटलांच्या वाड्यात आहेत, वाण्याच्या पेटीत आहेत, गुरवाकडे आहेत. ज्यांच्या घरात आहेत त्यांना बहुधा ते वाचता येत नाहीत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि अचानक उर्दू वाचता येणाऱ्या माणसांची किंमत वाढली. माझ्या दारात सकाळी सात वाजता माणसं येऊ लागली. "मॅडम, एवढं वाचून द्या." बहुतेकांच्या हातात कागद नसायचा, मोबाइलवरचा फोटो असायचा. तोही कुणीतरी कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, तिथून तिसऱ्याकडे गेलेला.

उर्दूत 'ब' आणि 'प' यांची आकृती एकच. खाली एक नुक्ता असेल तर ब, तीन असतील तर प. म्हणजे बाबू आणि बापू यांच्यात फरक दोन टिंबांचा. कारकुनाने घाईघाईच्या शिकस्ता लिपीत लिहिलेलं, शाई उडालेली, कागद पिवळा, आणि वर फोटो धूसर. खातेदार बाबूराव की बापूराव, हे मी कुठल्या आधारावर सांगू? एका नुक्त्याने खुदाचा जुदा होतो हे आम्ही वर्गात हसत हसत शिकवतो. इथे नुक्त्याने आजोबा बदलतो, आणि आजोबाबरोबर नातवाचा दाखला.

या वर्षी नववीच्या मुलामुलींना घेऊन घरोघरचे असे कागद नीट टिपायचे, कुणाचे, कुठले, त्याची नोंदवही करायची आणि जमतील तेवढे वाचायचे, असा उपक्रम आहे. कॅमेरा त्यासाठी. हे एकदा डोळ्यांसमोर ठेवलं की तीस पट झूमचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. कागद काही पळून जात नाही.

आता यंत्राकडे. छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो चौकोन, सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. करंगळीच्या नखाहून लहान. डी९०चा सुमारे २३.६ बाय १५.८ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढून बघा, १३ पट भरतं. अंधाऱ्या माजघरात, खिडकीतून येणाऱ्या तेवढ्या उजेडात, ज्याची परात मोठी त्याच्यात प्रकाश जास्त पडणार. छोटा कॅमेरा अशा वेळी दोन गोष्टी करतो. एक तर फ्लॅश उडवतो, म्हणजे कागदाच्या मधोमध पांढरा डाग आणि आजूबाजूची शाई फिकट. नाहीतर आयएसओ वाढवतो आणि त्यातून येणारे दाणे झाकायला चित्र आतल्या आत घोटून गुळगुळीत करतो. चेहऱ्यावर हे खपून जातं. पण त्या यंत्राला दाणा कोणता आणि नुक्ता कोणता हे कळत नाही, दोन्ही एकाच फडक्याने पुसले जातात. न घोटलेलं कच्चं चित्र, ज्याला रॉ म्हणतात, ते या छोट्या कॅमेऱ्यात मिळत नाही. डी९०मध्ये मिळतं.

आमचे गणिताचे सर म्हणतात, "बाजी, तो बारा मेगापिक्सेलचा, हा वीसचा. वीस मोठे की बारा?" आकडे त्यांचेच वापरते. डी९०चं चित्र ४२८८ बाय २८४८ बिंदूंचं. ए४ आकाराचा कागद चौकटीत पूर्ण बसवला तर एका इंचात सुमारे ३४० बिंदू येतात. कागदपत्रं स्कॅन करताना ३०० पुरेसे मानतात. म्हणजे बारात काम भागतं, आणि वरचे आठ मेगापिक्सेल इवल्याशा सेन्सरवर दाटीवाटीने बसवलेले आहेत. सरांनी यावर अजून उत्तर दिलेलं नाही, पण मतही बदललेलं नाही.

लेन्सचंही तसंच. छोट्या कॅमेऱ्याने जवळचं टिपायचं तर झूम पूर्ण मागे घेऊन कागदाच्या अगदी जवळ जावं लागतं. मग कॅमेऱ्याची आणि हाताची सावली कागदावर, आणि ओळी कडेला वाकल्यासारख्या. डी९०वर ५० मिलिमीटरची लेन्स लावली तर ए४ कागद पाऊण मीटरवरून चौकटीत बसतो. कागद खिडकीशी टेबलावर, मूल उभं, कॅमेरा खाली रोखलेला. फ्लॅश बंद, छिद्र एफ ५.६च्या आसपास, आयएसओ ८००. एवढं शिकायला एक तास पुरतो. आणि या जुन्या ५०च्या लेन्सला स्वतःची मोटर नसते, ती फोकस करायला बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असते. डी९०मध्ये ती आहे, निकॉनच्या स्वस्तातल्या डी४०, डी३१००सारख्या मॉडेलांत नाही. जुना निकॉन घेणाऱ्यांनी हे आधी पाहावं, नाहीतर लेन्स आहे, कॅमेरा आहे आणि फोकस हाताने फिरवत बसा.

मोबाइल का नाही, असं तुमच्याही मनात आलं असेल. आमच्या मुलांच्या घरात मोबाइल बहुधा एक, तोही अब्बांबरोबर लूमवर किंवा गॅरेजवर गेलेला. आणि दुसऱ्याच्या घरचा वारसाचा कागद कुणाच्या तरी घरगुती मोबाइलमध्ये लग्नाच्या व्हिडिओंशेजारी पडून राहावा, हे मला पटत नाही.

इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो, आणि तो सेन्सरचा नाही.

छोट्या कॅमेऱ्याच्या बाजूने सर्वात जोरात मांडला जाणारा मुद्दा असा, की तो कुणाच्या लक्षात येत नाही. माणसं बिचकत नाहीत, सहज फोटो निघतात. मोठा कॅमेरा काढला की मोहल्ल्यात लोक ताठ होतात, मुलं गोळा होतात, कुणीतरी विचारतंच, "कुठल्या चॅनलचे?" सगळं खरं आहे. पण लक्षात न येणं हा गुण आहे की दोष, हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. लक्षात न येता काढलेल्या फोटोंनी आमच्या वस्त्यांचं भलं केलेलं नाही. २०२२मध्ये कर्नाटकात हिजाबचा वाद पेटला, तेव्हा आमच्या मुलींच्या शाळांसमोरही मोबाइल घेऊन लोक उभे राहू लागले. कोणी विचारलं नाही, कोणी नाव सांगितलं नाही. आठवीतल्या एका मुलीचा पाठमोरा फोटो कुठल्याशा ग्रुपवर फिरला. तिने काही केलेलं नव्हतं, ती फक्त घरी चालली होती. पंधरा दिवस ती शाळेत आली नाही.

अशा गावात मी मुलांच्या हातात कॅमेरा देणार असेन, तर तो दिसणारा हवा. गळ्यात लटकणारा, डोळ्याला लावावा लागणारा, बटण दाबलं की खट्ट आवाज करणारा. तो घेऊन दारात उभं राहिलेल्या मुलाला बोलावंच लागतं. "सलाम खाला, आम्ही शाळेतून आलोय, तुमच्याकडचे जुने कागद बघायचे होते, फोटो काढू का?" खाला नाही म्हणाल्या तर नाही. इजाजत मागायची सवय मी फळ्यावर लिहून शिकवू शकत नाही. हा जड कॅमेरा ती आपोआप शिकवतो, कारण चोरून फोटो काढायची सोयच त्याने ठेवलेली नाही.

शिवाय डी९० २००८ सालचा. त्याला वायफाय नाही. आमच्या तरुण सहकाऱ्यांना ही उणीव वाटते, मला सर्वात मोठी सोय. टिपलेला कागद कार्डावरच राहतो. शाळेत आलो, संगणकाला जोडलं, नोंदवहीत लिहिलं, घरच्यांना एक प्रत दिली, मग पुढचं. मधल्या वेळेत तो कुणाच्या स्टेटसवर जात नाही. लोक आपल्या ट्रंका उघडून दाखवतात ती अमानत असते.

काही घरांत वडीलधारी मंडळी माणसाचा फोटो काढू देत नाहीत. तस्वीर जायज की नाजायज यावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, आणि त्या वादात मला शिरायचं नाही. ज्यांना नको त्यांचा काढायचा नाही, संपलं. कागदाच्या फोटोला मात्र आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. एका नव्वदीच्या आजींनी स्वतःचा चेहरा पदराने झाकला आणि सासऱ्यांची बयाज स्वतः उलगडून धरली, त्यात बोटांचाही फोटो आला. त्यांना दाखवला, म्हणाल्या, "राहू दे बोटं."

मुलींना तो पेलेल का, असंही एका सरांनी विचारलं. बॅटरीसकट डी९० सुमारे ७०० ग्रॅम, ५०ची लेन्स दीडशेच्या आसपास. मुलींच्या दप्तराचं वजन कुणी कधी विचारलेलं नाही. नवसारीत जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) साडी नेसून, स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा घेऊन, सायकलवरून दिल्ली पालथी घालत होत्या. त्यांना भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणतात, २०११ला पद्मविभूषण मिळालं. आमच्या मुलींचे फोटो आजवर इतरांनी भरपूर काढले, कॅमेऱ्यामागे उभं राहायची वेळ त्यांच्यावर फारशी आली नाही. ती येणार असेल तर ८५० ग्रॅम काही फार नाहीत.

जाता जाता भाषेतली एक गंमत, कारण भाषेच्या बाईला ती सोडवत नाही. दर काही महिन्यांनी एक संदेश फिरत येतो, की कॅमेरा हा शब्द अरबीतल्या 'कमरा'वरून आला आणि कॅमेऱ्याचा शोध इब्न अल-हैसमने लावला. शब्दाचं उलटं आहे. कॅमेरा लॅटिनमधला, अर्थ खोली, आणि आपला उर्दू-हिंदीतला कमरा पोर्तुगीजांकडून त्याच घराण्यातून आलेला. म्हणजे दोघे भाऊ, बाप-लेक नव्हेत. इब्न अल-हैसमने हजार वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग केले आणि 'किताब अल-मनाझिर' लिहिली, हे खरं आहे आणि पुरेसं मोठं आहे. त्याला फुगवायची गरज नाही. डी९०ची लेन्स काढून मुलांना आतली काळी पोकळी दाखवली की ती खोली त्यांना समोर दिसते. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स निघतच नाही.

छोट्याचं जे चांगलं ते मान्य करते. गॅदरिंगचं चित्रीकरण त्याच्यावर उत्तम होईल. डी९० हा व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर, पण त्यात मोठ्या आकाराचा व्हिडिओ एका वेळी पाच मिनिटांपलीकडे जात नाही, नाटिकेचा शेवट हमखास हुकणार. सहलीला, प्रवासाला मी स्वतः छोटाच नेईन. पण पुढे सरकणाऱ्या त्या लेन्सच्या नळीत धूळ गेली, किंवा बटण चालू असताना बेंचवरून पडला, की दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीजवळ जातो. चाळीस मुलं हाताळणार असतील तर हे होणारच. डीएसएलआरमध्ये लेन्स बिघडली तर लेन्स बदलता येते.

बैठक शनिवारी आहे. त्याआधी मी डी९० स्वतः बघून येणार आहे. एफ १६वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघायचे. लेन्समधून मोबाइलची बॅटरी मारून आत बुरशीची जाळी नाही ना ते पाहायचं. शटर किती वेळा उडालं आहे तो आकडा फाइलमधून काढायचा, कंपनीने एक लाखापर्यंत चाचणी घेतलेली आहे, साठ-सत्तर हजारांच्या पुढे असेल तर भाव खाली आणायचा. कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच घ्यायचं, त्याहून मोठं त्याच्यासाठी बनलेलं नाही. आणि उरलेल्या पैशांत दुसरी बॅटरी. घासाघीस करायला गणिताच्या सरांना बरोबर नेते आहे, ते यायला तयार आहेत.