पिंजरा मागण्याआधी

गोरेगावच्या पूर्वेकडच्या एखाद्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत रात्री बिबट्या दिसला की सकाळपर्यंत ती चित्रफीत सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचते आणि दुपारपर्यंत मागणी पक्की होते: पिंजरा लावा. तो भिंतीवरून आला, कुत्र्याचा माग काढला, भिंतीवरून परत गेला, बहुतेकदा इतकंच घडलेलं असतं. ज्यांची पोरं खाली अंगणात खेळतात त्यांची भीती खरी आहे, तिला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण न ओळखता निकाल लावण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे, आणि ती माणसांच्या जिवाने.

जुन्नर भागात २००१ पासून बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडले गेले. त्यांतल्या बहुतेकांनी कुणावर हल्ला केलेला नव्हता. ते दिसले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला तेव्हा आढळलं, की आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले, आणि जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. बिबट्याची हद्द ठरलेली असते. पिंजऱ्याचा ताण सोसलेलं जनावर अनोळखी मुलखात टाकलं की ते बिथरतं, आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येऊन बसतो.

मुंबईचा अनुभव वेगळा नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही बाहेरून पकडलेले बिबटे आणून सोडले जात. २००४ च्या एकट्या जून महिन्यात उद्यानाच्या आसपास दहाच्या घरात माणसं गेली. त्या काळात धडाधड पिंजरे लागले, आणि ते लागावेत म्हणून रस्त्यावर उतरलेल्या लोकांना दोष देता येणार नाही. त्यांना दुसरं काही सांगितलंच गेलं नव्हतं.

ते सांगायला सुरुवात झाली २०११ मध्ये. सुनील लिमये तेव्हा उद्यानाचे संचालक होते. वनखातं, अभ्यासक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम उभा केला. ट्रॅप कॅमेरे लागले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी निराळी असते, त्यामुळे कोण कुठे फिरतो, कुणाची पिल्लं कोणती, हे कळू लागलं. ‘बिबट्या आला’ याऐवजी ‘कोणता आला’ असं विचारता येऊ लागलं. उद्यान, त्याला लागून असलेली आरे दूध वसाहत आणि भोवतालच्या भागात २०१५ मध्ये ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ मध्ये ४७. बिबटे वाढले, तरी २००४ सारखा काळ पुन्हा आला नाही.

हे सगळं घडण्याच्या कितीतरी आधीपासून आरेतल्या लोकांनी या शेजाऱ्याशी व्यवहार ठरवलेला होता. दूध वसाहत उभी राहिली १९४९ मध्ये. तिच्या आधीपासून इथे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत, आज त्यांची संख्या २७ सांगितली जाते. वारल्यांचा वाघोबा, वाघ आणि बिबट्या या दोन्हींचा देव, लाकडावर, दगडावर कोरलेला असतो. मुंबई उपनगर, ठाणे, पालघर या पट्ट्यात अभ्यासकांनी त्याची दीडशेहून जास्त स्थानं नोंदवली आहेत. सांगितल्या जाणाऱ्या एका कथेत तो माणसाच्याच पोटी जन्मतो, वाघाचं रूप घेऊन गुरं मारू लागतो, गावकरी त्याला मारायला निघतात, तेव्हा आई मध्ये पडते. ठरतं असं, की गावाने त्याला स्थान द्यायचं, वर्षाचा मान द्यायचा, आणि त्याने गाव राखायचं. वाघबारशीच्या सणाला तो मान दिला जातो. याला अंधश्रद्धा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं निरीक्षण दिसतं: जनावर जाणार नाही, आपणही जाणार नाही, तर नेम घालून राहू.

आणि याच पाड्यांना ‘अतिक्रमण’ म्हणणारे लोकही मी ऐकले आहेत. त्यांतल्या किती जणांनी पाड्यावर जाऊन एकदा तरी विचारलं, तुम्ही इथे कधीपासून?

२०२२ च्या दिवाळीत, आरेच्या युनिट १५ मध्ये, सोळा महिन्यांची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. तिच्या आईबापांपुढे सहजीवनाचं प्रवचन करणं निर्दयपणाचं ठरेल, आणि जे जनावर माणसावर येतं ते पकडलंच पाहिजे. पण नेमकं तेच पकडायचं तर ते आधी ओळखता यायला हवं, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं कॅमेऱ्याच्या नोंदी ठेवणारे लोक लागतात. हल्ल्यानंतर चार दिवस टीव्हीवर ओरडून ते तयार होत नाहीत.

शिवाय पाड्यावरचा धोका सोसायटीतल्या धोक्यासारखा नाही. कित्येक पाड्यांवर वर्षानुवर्षं वीज नव्हती, घराजवळ शौचालय नव्हतं. अंधारात बाहेर जावं लागणारी बाई आणि दाराशी खेळणारं मूल बिबट्याच्या वाटेत येतं. कचऱ्याच्या ढिगावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तो कचरा बराचसा आपल्या इमारतींचा, हॉटेलांचा असतो.

म्हणून पुढच्या वेळी चित्रफीत आली की वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर जरूर कळवा, आणि सोसायटीची बैठक घेऊन महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला एक पत्रही लिहा: कचरा रोज उचला, पाड्यांच्या वाटांवर दिवे लावा, घरापाशी शौचालयं बांधा. त्या बैठकीला पाड्यावरच्या चार माणसांना बोलवा आणि आधी त्यांना बोलू द्या.