खुल्या आज्ञावलीचे अर्थशास्त्र

गो हा पूर्व आशियातील अतिप्राचीन पटखेळ. एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेषांच्या ३६१ छेदबिंदूंवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आळीपाळीने मांडावयाच्या आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा अधिक प्रदेश वेढावयाचा, एवढाच त्याचा गाभा. परंतु त्यातील शक्यता इतक्या अगणित, की १९९७ मध्ये बुद्धिबळातील जगज्जेता यंत्रापुढे हरल्यानंतरही गोचा पट जवळजवळ दोन दशके मानवाच्याच ताब्यात राहिला. मार्च २०१६ मध्ये सोल येथे डीपमाइंड या गूगलच्या मालकीच्या कंपनीच्या ‘अल्फागो’ आज्ञावलीने कोरियाचे ली सेडोल यांना चार विरुद्ध एक असे पराभूत केले आणि यंत्राच्या बुद्धिसामर्थ्याची जगभर चर्चा झाली. तथापि हे सामर्थ्य कोणाच्या मालकीचे राहणार, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा होय.

ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने आपल्या पुढील आवृत्तीची पद्धत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. मानवी डावांचा आधार न घेता, केवळ स्वतःशी सुमारे ४९ लाख डाव खेळून, या आवृत्तीने ली सेडोल यांना हरविणाऱ्या आवृत्तीविरुद्ध शंभरपैकी शंभर डाव जिंकले होते. पद्धत जगापुढे आली. परंतु सरावातून आज्ञावलीच्या अंतर्यामी साठलेले लक्षावधी अंक, म्हणजेच तिचे प्रत्यक्ष कौशल्य, कंपनीच्याच कुलपात राहिले.

त्याच महिन्यात बेल्जियमचे प्रोग्रॅमर जियान-कार्लो पास्कुत्तो यांनी ‘लीला झिरो’ ही मुक्तस्रोत आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. साध्या यंत्रसामग्रीवर तो सराव पुन्हा करावयाचा, तर सुमारे १७०० वर्षे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. एकट्यादुकट्याच्या आवाक्याबाहेरचे हे काम सहकाराने झाले. निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी आपापल्या संगणकांवर डाव खेळवून ते एकत्र जमा केले. अशा डावांची संख्या एक कोटीच्या वर गेली.

पाठ्यपुस्तकी सिद्धान्तानुसार हे घडावयास नको होते. जी वस्तू एकाने वापरल्याने दुसऱ्यास कमी पडत नाही आणि जिच्यापासून कोणासही वंचित ठेवता येत नाही, तिच्यासाठी पदरमोड कोण करील? येथे मात्र प्रत्येकाचा वाटा थोड्या विजेइतका लहान होता आणि पदरात पडणारा लाभ म्हणजे घरबसल्या मिळणारा श्रेष्ठ गुरू. शिवाय केलेले काम पुढे कोणी कुलपात घालणार नाही, याची हमी परवान्यातच होती. किंबहुना या हमीविना एवढा सहकार उभा राहिला असता, असे वाटत नाही.

मूळ शोधामागे खासगी भांडवल होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तोच खर्च प्रत्येकाने नव्याने करावा, यात समाजाचे कोणते हित? डेव्हिड वू यांनी २०१९ मध्ये खुल्या केलेल्या ‘काटागो’ने या प्रश्नाचे उत्तर दिले. तीसहूनही कमी ग्राफिक्स कार्डांवर, तीन आठवड्यांच्या आत, तिने उच्च दर्जाचा खेळ साध्य केला. तुलनीय पद्धतींच्या मानाने संगणनाचा खर्च सुमारे पन्नासपटींनी घटला. आधीचे काम हाताशी होते, म्हणूनच त्यात ही सुधारणा करता आली. आज व्यावसायिक व हौशी, दोन्ही खेळाडू आपले डाव तपासण्यासाठी ‘काटागो’चाच आधार घेतात.

खर्चाची बचत हा खुलेपणाचा एक लाभ झाला. दुसरा त्याहून मोलाचा आहे. काही संशोधकांनी ‘काटागो’विरुद्ध मुद्दाम एक प्रतिस्पर्धी आज्ञावली घडविली. तिने शोधलेली युक्ती शिकून २०२३ मध्ये एका हौशी खेळाडूने संगणकाच्या साहाय्याविना ‘काटागो’विरुद्ध पंधरापैकी चौदा डाव जिंकले. वर्तुळाकार वेढ्यात सापडलेल्या आपल्याच सोंगट्यांचा धोका ओळखण्यात ही महापराक्रमी आज्ञावली चुकत होती. श्रेष्ठ खेळाडूंना सहज नमविणाऱ्या यंत्रातही असा आंधळा कोपरा असतो आणि यंत्र संशोधकांच्या हाती असले, म्हणजेच तो हुडकणे सुकर होते. दोष उघड झाल्यावर ‘काटागो’ला तशा स्थितींचा सराव देण्यात आला. त्याने दोष कमी झाला. समूळ गेला नाही. परंतु तो आता सर्वांना ठाऊक आहे.

पटावर अशा दोषाने फार तर एक डाव जातो. तशाच शिकवलेल्या आज्ञावल्यांकडे उद्या कर्जाचा अर्ज, रुग्णाचे निदान किंवा शिधापत्रिकेची पात्रता सोपविली, तर त्यांच्या आंधळ्या कोपऱ्याची किंमत सामान्य नागरिक मोजील. आणि कुलूपबंद यंत्राविरुद्ध दाद मागण्याचा मार्गही त्याला सापडणार नाही. म्हणून सरकारी तिजोरीतून जी निर्णययंत्रे घडविली वा विकत घेतली जातील, त्यांची आज्ञावली आणि शिकलेले अंक स्वतंत्र तपासणीस खुले असावेत, अशी अट करारातच घातली पाहिजे. नागरिकांची व्यक्तिगत माहिती गुप्त राहिली पाहिजे, हे उघड आहे. परंतु त्या सबबीखाली यंत्राचे दोष गुप्त ठेवण्याची मुभा कोणत्याही खात्यास अथवा कंपनीस असता कामा नये.