पंगत आणि पडदा

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवात महाप्रसादाची प्रचंड पंगत बसते. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाच्या या पंगतीत लाखोंचा समुदाय जातीपातीचा भेद न मानता रांगा धरून बसतो आणि पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून वाढावी लागते. पंगत उठली की हाच समुदाय गावोगाव परततो आणि जो तो आपापल्या पडद्यापुढे बसतो. एके काळी जत्रेतील तंबूत गाव एकत्र चित्रपट पाहत असे. आता हातातील मोबाइलवर एकेकटा पाहतो. पडदा जसजसा लहान होत गेला, तसतसा प्रेक्षक एकाकी होत गेला. त्या पडद्यावर सोयाबीन-कापूस पिकविणाऱ्या या माणसाची कथा किती दिसते आणि ती कोण सांगतो, हा प्रश्न म्हणूनच राजकीय आहे.

प्रथम मारधाडीच्या चित्रपटांचा विचार करू. पुरोगामी मंडळी त्यांच्याकडे नाक मुरडतात. ते योग्य नव्हे. 1975 सालच्या ‘दीवार’ची सुरुवात होते ती एका कामगार पुढाऱ्यापासून. बायकामुलांच्या जिवावर बेतते म्हणून तो मालकाच्या करारावर सही करतो, आणि त्याची शिक्षा त्याच्या मुलाच्या हातावर कायमची गोंदली जाते. हाच मुलगा पुढे गोदीत हमाली करतो आणि हप्ता मागणाऱ्या गुंडांना एकट्याने लोळवतो. प्रेक्षक टाळ्या पिटतात, कारण तो संताप त्यांचाच असतो. परंतु गोदीतील इतर हमाल तेथे केवळ बघे राहतात. संघटनेची जागा मुठीने घेतली, की त्या मुठीची वाट तस्करीकडे जाते. चित्रपट तेवढे प्रामाणिकपणे दाखवतो. संघटनेची वाट मात्र दाखवत नाही. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. एवढ्या प्रचंड सामूहिक धैर्याला व्यापारी पडद्यावर एकट्या नायकाच्या मानाने किती जागा मिळाली?

ती जागा माहितीपटाने घ्यावयाची होती. 1948 साली केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. त्याचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखविणे थिएटरांना बंधनकारक होते. साधन उत्तम, पण त्यावर हुकमत सरकारची. त्यामुळे धरणाची भिंत दिसे, धरणग्रस्त क्वचितच. जे स्वतंत्रपणे कॅमेरा घेऊन निघाले, त्यांना सार्वजनिक पडद्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. भोपाळच्या वायुकांडावरील राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त ‘बियाँड जेनोसाइड’ दूरदर्शनने नाकारला. 1992 साली सर्वोच्च न्यायालयाला तो दाखविण्याचा आदेश द्यावा लागला. आनंद पटवर्धन यांच्या ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’साठी असाच आदेश 2006 साली निघाला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे याच न्यायालयाने 1995 साली सांगितले होते. मालमत्ता जनतेची, आणि जनतेच्या दुःखाला प्रवेश मात्र वकिलामार्फत! 2022 साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. जनतेच्या पैशाने साठलेले हे चित्रधन जनतेच्याच हाती राहील, ही मागणी आता अधिक तातडीची झाली आहे.

विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर माहितीपट निघालेच नाहीत, असे नाही. पी. साईनाथ यांच्या वार्तांकनावरील दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ 2009 साली आला. नीरोच्या मेजवानीत उजेडासाठी माणसे जाळली गेली, तेव्हा जेवणारे पाहुणे कोण होते, हा त्यातील सवाल आहे. बुलढाण्यापासून वर्ध्यापर्यंत ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला, त्या घरांना तो सवाल समजावून सांगावा लागत नाही. पण तो माहितीपट त्यांच्यापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा कोठे आहे?

विनोदी मालिकांचे काय? मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ने मराठी घरांना निर्मळ हसविले आणि 1984 साली ‘ये जो है जिंदगी’ने हिंदीत तेच केले. परंतु हे हसू दिवाणखान्यातील होते. शेतकऱ्याच्या ओसरीवरही प्रसंगनिष्ठ विनोद फुलू शकतो, हे 2009 साली सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ने दाखविले. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला म्हणून आपल्या नवऱ्यावर क्षणोक्षणी पाळत ठेवणारी बायको, आणि पोराला बापाच्या मागे मागे पाठविणारे ते घर. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्याचा घास अडकतो. शेतकऱ्याला भिकेच्या दयेपेक्षा अशा हसण्याने अधिक न्याय मिळतो. तो माणूस म्हणून दिसतो, आकडा म्हणून नव्हे.

तेव्हा दोष मारधाडीचा नाही, विनोदाचाही नाही. कथा कोणाच्या मालकीची आणि पडदा कोणाच्या ताब्यात, हा खरा प्रश्न आहे. मालक कधी जाहिरातदार असतो, कधी मंत्रालय. समाजवाद्यांना दोन्ही अमान्य असले पाहिजेत. प्रसारभारतीचा कायदा 1990 साली झाला आणि 1997 साली अमलात आला. त्यातील स्वायत्तता कागदावरून प्रत्यक्षात उतरविण्याचे काम अजून शिल्लकच आहे.

परंतु सरकारवर बोट ठेवून कार्यकर्त्यांची सुटका होत नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनी गावोगाव मैदानात प्रेक्षक घडविला. त्याच कलापथकातून आलेल्या निळू फुले यांनी 1975 सालच्या ‘सामना’त साखरसम्राट असा उभा केला, की गावागावांतील सत्ता आरशात दिसली. 2011 सालचा ‘जय भीम कॉम्रेड’ वस्त्यावस्त्यांतून उघड्यावर दाखविला गेला आणि तेथील माणसांनी तो आपला मानला. एक पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, आणि चित्रपट संपल्यावर तासभर चर्चा: एवढ्यावर हे काम तालुक्यातालुक्यांत सुरू करता येईल. मेहकरपासून का होऊ नये?

हिवरा आश्रमच्या पंगतीत एकत्र बसणारा समाज एका पडद्यापुढेही एकत्र बसू शकेल. अन्न जसे पंगतीत वाढले म्हणजे प्रसाद होते, तशीच कथा एकत्र पाहिली म्हणजे जाणीव होते. ते वाढपी होण्याचे काम कार्यकर्त्यांचे आहे.