चोच देणारा आणि चारा देणारे

गेल्या पाडव्याला आमचे एक वडीलधारे शेजारी फराळाला आले होते. दोनच महिन्यांपूर्वी त्यांना नात झालेली. चकली मोडता मोडता ते म्हणाले, "बाई, सून आता घरी बसली. तिचा पगार गेला खरा, पण आपण चिंता करू नये. ज्याने चोच दिली तो चाराही देईल." सणाचा दिवस, त्यातून वयाने मोठा माणूस. मी त्यांच्या बशीत आणखी एक लाडू वाढला आणि गप्प राहिले. त्या दिवशी गिळलेले उत्तर आज वाचकांपुढे ठेवते आहे.

आधी ते 'घरी बसली' घ्या. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही, परंतु बसणे या क्रियापदाचा अर्थ मला कळतो. रात्री तीनदा उठणारी, दुपटी धुणारी, एका हाताने मूल सावरीत दुसऱ्या हाताने पोळी उलटणारी बाई जर बसलेली असेल, तर उभे राहणे म्हणजे काय ते पुरुषमंडळींनी एकदा करून दाखवावे. तिने काम सोडलेले नसते. तिला कामाचे पैसे मिळायचे थांबलेले असतात. आणि ते थांबतात केव्हा? नेमके घरात खाणारे तोंड वाढते तेव्हा.

माझेच सांगते. 2008 साली मी एका लहानशा बालवाडीत शिकवीत होते. सातवा महिना लागला तशी संस्थाचालकांनी गोड शब्दांत सांगितले, "बाळंतपण होऊ द्या, मग पाहू." पुढे कोणी पाहिले नाही. माझ्या जागी दुसरी आली, तीही लग्न न झालेली. आम्ही शाळेत सगळ्या मिळून 7 जणी, आणि कायदा लागू होतो 10 माणसांपासून पुढे. म्हणजे आमच्यापुरता तो नव्हताच. यजमानांचा छापखान्यातला पगार साडेचार हजार, माझे दोन हजार. दोन हजार गेले; डॉक्टर, औषधे आणि दूध आले. वर्षाच्या आत माझ्या पाटल्या पतपेढीत गेल्या. त्या माझ्या आईच्या होत्या. पुन्हा सुटल्या नाहीत. चारा कोणी दिला म्हणता?

आता कायदा सुधारला, असे कोणी म्हणेल. सुधारला आहे. 1961 च्या कायद्याने बाळंतिणीला 12 आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. 2017 साली पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच हिशेब राहिला. ऐकून ऊर भरून येतो. पण हा पगार द्यायचा कोणी? मालकाने, आपल्या पदरचा. मग एखादा छोटा कारखानदार मुलाखतीला आलेल्या नवपरिणित मुलीकडे पाहून मनातल्या मनात कोणती आकडेमोड करील, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. कायद्याने तिला रजा दिली आणि त्याच हाताने तिची नोकरी महाग करून ठेवली.

हे नव्याने कळले असेही नाही. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न नीट मांडला होता. मालकाला बाईच्या श्रमाचा लाभ होतो म्हणून त्याने काही भार उचलावा; परंतु लोकांचे कल्याण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी, म्हणून मोठा भार सरकारने घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. 1929 साली कायदा झाला, भार मात्र मालकाच्याच खांद्यावर राहिला.

दुसरी वाट ठाऊक नाही म्हणावे तर तीही पायाखालची आहे. 1948 च्या कायद्याने आणलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक पगाराचे 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतो, मग कामगार पुरुष असो की स्त्री. बाळंतपणाचे पैसे त्या सामायिक निधीतून मिळतात. बाई कामाला ठेवली म्हणून मालकाला एक पैसा जास्त पडत नाही. पण ही वाट फक्त नोंदणी झालेल्या आणि ठरावीक पगाराच्या आतल्या कामगारांना खुली. भाजीवाली, धुणेभांडेवाली, शेतमजूर बाई यांनी कुठून जावे?

त्यांच्यासाठी 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिले आहे की, सरकारी नोकरी सोडता प्रत्येक गरोदर बाईला किमान 6000 रुपये मिळावेत. 2017 साली योजना आली ती 5000 रुपयांची, आणि पहिल्याच अपत्यासाठी! दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर 6000, ही सवलत 2022 पासूनची. मुलगा झाला तर त्याच्या आईला भूक लागत नसावी. त्या 5000 रुपयांना 26 आठवड्यांनी भागले तर दिवसाला 27 रुपये पडतात. एवढ्यात एक शहाळे येते का, ते बाजारात विचारून पाहा.

आपण हा अंक हातात घ्याल तेव्हा बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसे निघू लागली असतील. नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि उचल घेतलेली त्या जोडीच्या नावावर. बायको थांबली तर कोयता अर्धा होतो, खाड्याचा दंड वेगळा. म्हणून दिवस भरत आले तरी डोक्यावर मोळी असतेच. काम बुडू नये म्हणून बायकांनी गर्भाशये काढून घेतल्याचा बोभाटा झाला, तेव्हा 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. चारा देणारा यायचा तेव्हा येवो, मुकादम वेळेवर येतो.

"इतका पैसा आणायचा कुठून?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी उलट विचारते, आजवर तो येत होता कुठून? आईच्या पाटल्यांतून, सावकाराकडून, बाईच्या अंगातल्या रक्तातून. तो खर्च नव्याने जन्माला यायचा नाही, फक्त एकटीच्या पदरातून सर्वांच्या पदरात जायचा आहे. गावच्या विहिरीची वर्गणी आपण पाणी भरणाऱ्या बाईकडूनच तेवढी घेतो का? आणि बापाचे काय? केंद्र सरकारच्या नोकरीत त्याला 15 दिवस रजा आहे, म्हणजे बारसे उरकण्यापुरती. स्वीडनमध्ये 1974 सालीच ही रजा आईबाप दोघांची झाली. आज तिथे एका मुलामागे 480 दिवस मिळतात आणि त्या दिवसांचा भत्ता सामाजिक विम्यातून येतो, साहेबाच्या खिशातून नव्हे.

परवा तेच शेजारी जिन्यात भेटले. नात आता चालू लागली आहे. सूनबाई जुन्या ठिकाणी विचारायला गेली होती, तर "जागा भरली" असे उत्तर मिळाले. थोडे घुटमळून, आवाज खाली आणून त्यांनी मला विचारले, "बाई, ती तुमची पतपेढी सोन्यावर किती टक्क्यांनी देते हो?"