केलेले जाणणे

नोकरीविषयी बोलताना मराठी माणसाच्या तोंडी बहुधा तक्रार असते, आणि ती बहुधा रास्तही असते. वाढते काम, घटती माणसे, साहेबाची लहर, रात्री झोपेतही न सुटणारी चिंता. अशा माणसाला 'जे मिळाले त्यात कृतज्ञ राहा' असा उपदेश करणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. तरीही कृतज्ञता हा शब्द टाकून द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. ती कोणाप्रती, एवढे मात्र आधी ठरवायला हवे.

कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. कृतघ्न म्हणजे केलेले नष्ट करणारा. शब्दाच्या घडणीतच असे दिसते की कृतज्ञता ही भावनेआधी जाण आहे. आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानण्याचा संकोच असतो. 'आभार मानून परके करू नका' असे आपण सहज म्हणतो. संकोच समजण्यासारखा आहे. पण आभार न मानणे वेगळे आणि केलेले न जाणणे वेगळे. पहिल्याच्या आडून दुसरे खपून जाते, ही आमची तक्रार आहे.

वास्तविक कष्टांची जाण ठेवण्याची रीत आपल्याला परकी नाही. नाशिक जिल्ह्यात पोळ्याच्या सुमारास बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू ज्या जागी रुतले, नेमकी तीच जागा हळद-लोण्याने चोळली जाते. खंडेनवमीला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात. बैलाचा खांदा आपल्याला दिसतो, यंत्राचे उपकार आठवतात. शेजारच्या यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाचा खांदा मात्र दिसेनासा होतो.

नाशिकरोडचेच पाहा. तेथील प्रतिभूती मुद्रणालय 1925 सालचे आणि नोटांचा छापखाना 1928 सालचा. 8 नोव्हेंबर 2016 रोजी पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि चलनातील सुमारे 86 टक्के रक्कम एका रात्रीत बाद झाली. पाचशेच्या नव्या नोटांचा मोठा भार नाशिक आणि देवास येथील छापखान्यांवर पडला. नाशिकरोडच्या कामगारांनी रविवार आणि सुट्ट्यांच्या दिवशीही काम केले. असे दिवस कोणताही कामगार एकट्याच्या बळावर काढत नाही. कोणीतरी दुसऱ्याची पाळी सांभाळतो, कोणी डब्यातली भाकरी पुढे सरकवतो, कोणी घरी आजारी माणूस असलेल्याला 'तू नीघ, मी बघतो' म्हणतो. नोटेवर सही असते ती गव्हर्नरांची. 'मी बघतो' म्हणणाऱ्याची नोंद कोठेच होत नाही. ती सोबत्यानेच ठेवायची असते.

याचा अर्थ सहकाऱ्यांची माया नेहमी निर्मळ असते, असा नव्हे. नाशिकच्या मातीतून आलेल्या बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहाच्या शीर्षककथेत हा भ्रम कायमचा फोडला आहे. रेल्वेच्या नोकरीत नव्याने लागलेल्या नायकावर सोबती जीव लावतात. त्याची जात कळताच त्याला मारहाण होते. त्याला सोडवायला धावतो तो काशिनाथ, आपली जात न लपवणारा सोबती. ही कथा वाचल्यावर सहकाऱ्यांच्या प्रेमाविषयी गोड बोलताना जीभ अडखळावी, आणि ते योग्यच आहे. आपण कोण आहोत हे ठाऊक असूनही जो आपल्या बाजूने उभा राहतो, त्याचेच ऋण खरे. आणि उलट बाजूने, कार्यालयात सर्वांच्या आधी येऊन झाडलोट करणाऱ्या बाईंचे नाव आपल्याला ठाऊक नसेल, तर आपल्या कृतज्ञतेचे वर्तुळ फारच आखूड आहे.

अलीकडे काही आस्थापना कर्मचाऱ्यांना रोज कृतज्ञतेच्या नोंदी करायला सांगतात. नोंदी जरूर कराव्यात. पण रिकाम्या जागा भरायच्या नाहीत, रजा द्यायची नाही, आणि वर मन प्रसन्न ठेवा म्हणायचे, हा मामला आम्हांस मान्य नाही. तेथे कृतज्ञता वरच्या दिशेने मागितली जाते. ती वाहायला हवी शेजारच्या मेजाकडे.

शेजाऱ्याने आपल्यासाठी काय केले हे ज्याला नेमके ठाऊक असते, त्याला शेजाऱ्यावर किती ओझे आहे हेही ठाऊक असते. म्हणून खरी कृतज्ञता तक्रारीचे तोंड दाबत नाही. उद्या आपली पाळी सांभाळणाऱ्याची रजा नाकारली गेली, तर त्याच्या अर्जाखाली आपलीही सही असावी. आमच्या मते आभार मानण्याची याहून चांगली रीत नाही, आणि त्याने कोणी परकेही होत नाही.